फर्स्ट स्ट्राइक म्हणजे नुसता 'पहिला हल्ला' का?

पांझराकाठ

मंडळी, धुळ्यात अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायला संरक्षणविषयक शब्दांचा तक्ता करतोय. 'फर्स्ट स्ट्राइक'पाशी गाडी अडली आहे. मराठी बातम्यांत हा शब्द कधी 'पहिला हल्ला' होतो, कधी 'प्रथम वापर'. भारताचं 'नो फर्स्ट यूज' धोरणही कुणी 'प्रथम हल्ला न करण्याचं धोरण' म्हणतं, कुणी 'प्रथम वापर नाही' म्हणतं. फर्स्ट स्ट्राइक आणि फर्स्ट यूज एकच की वेगळे? वेगळे असतील तर मराठीत काय लिहायचं?

मला दोन्ही एकच वाटतात. ज्याने अण्वस्त्र आधी टाकलं त्याचा फर्स्ट स्ट्राइक. चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट.

तापीकर_नाना

वेगळे आहेत, आणि फरक बारीकसारीक नाही.

फर्स्ट यूज म्हणजे लढाईत अण्वस्त्र आधी वापरणं. एकच टाका, लहान टाका, समोरच्या रणगाड्यांच्या ताफ्यावर टाका, नाहीतर भीती घालायला ओसाड माळावर टाका. सगळं फर्स्ट यूज.

फर्स्ट स्ट्राइक म्हणजे समोरच्याची अण्वस्त्रंच एका घावात मोडून काढणं, इतकी की त्याच्याकडे परत मारायला काही उरू नये, किंवा उरलंच तर आपल्याला सोसवेल इतकंच उरावं. निशाणा शत्रूच्या शहरांवर नसतो. तो असतो क्षेपणास्त्रांच्या सायलोंवर (जमिनीत खोल बांधलेली काँक्रीटची बिळं), बाँबर विमानांच्या तळांवर, पाणबुड्यांच्या बंदरांवर, अण्वस्त्रांच्या कोठारांवर आणि आदेश देणाऱ्या केंद्रांवर.

एक उदाहरण पुरेसं आहे. ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमा. फर्स्ट यूज तर जगातला पहिलाच. पण फर्स्ट स्ट्राइक नव्हे, कारण जपानकडे मोडून काढायला अण्वस्त्रंच नव्हती.

अमळनेरी

'एक घाव दोन तुकडे' म्हणतो आपण, ते हेच. वार आधी केला एवढ्याने भागत नाही, दोन तुकडे झाले पाहिजेत.

तापीकर_नाना

बरोबर धरलंत भाऊ. शब्दात 'फर्स्ट' असल्यामुळे लोकांचं लक्ष क्रमाकडे जातं. खरा भार दुसऱ्याच्या हाती काय उरलं यावर आहे. म्हणून याचा जोडशब्द 'सेकंड स्ट्राइक': पहिला घाव पूर्ण सोसूनही उलटा प्रहार करण्याची ताकद. ही जोडी १९५० च्या दशकात रँड या अमेरिकेतल्या संरक्षण-अभ्यास संस्थेतल्या अभ्यासकांनी, विशेषतः अल्बर्ट वोलस्टेटर यांनी, रुळवली. त्यांचा मूळ प्रश्न अगदी व्यवहारी होता: परदेशातल्या तळांवर उघड्यावर उभी असलेली अमेरिकन बाँबर विमानं एका अचानक हल्ल्यात जमिनीवरच जळाली, तर उलट मारायला काय राहील? बाँब किती आहेत हे मोजण्यापेक्षा मार खाऊन किती उरतील हे मोजा, हा विचार तिथून आला.

शहादेकर

आपल्या अस्तंब्याच्या अश्वत्थाम्याचं उदाहरण घ्या की. धनत्रयोदशीला माणसं ज्याच्यासाठी डोंगर चढतात तोच. महाभारतात त्याने रात्री झोपेत पांडवांची छावणी कापून काढली. हेतू सरळ फर्स्ट स्ट्राइकचा. पण पाच पांडव, कृष्ण आणि सात्यकी त्या रात्री छावणीत नव्हतेच. सात जण उरले आणि तेवढ्यांनी त्याला गाठलं. जखम अजून वाहते म्हणतात.

सावदेकर_ताई

शहादेकर दादा, यातला 'छावणीत नव्हतेच' हा भाग महत्त्वाचा आहे. पाणबुडी म्हणजे तीच गोष्ट. क्षेपणास्त्रं घेऊन समुद्रात गेलेली पाणबुडी छावणीबाहेरच्या पांडवांसारखी असते. बंदरातली पाणबुडी मात्र छावणीत झोपलेली. त्यामुळे किती पाणबुड्या आहेत याइतकंच किती प्रत्यक्ष गस्तीवर आहेत हे बघावं लागतं. एक गस्तीवर, एक तयारीत, एक दुरुस्तीला असा फेरा धरला तर सतत एक पाण्यात ठेवायला निदान तीन-चार लागतात.

आयएनएस अरिहंत २०१६ साली नौदलात आली, तिची पहिली प्रतिरोधन गस्त (शत्रूला धाक राहावा म्हणून घातलेली) पूर्ण झाल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. आयएनएस अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला दाखल झाली. अरिहंतवरच्या के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर, के-४ चा सुमारे ३५००. पल्ला आखूड असेल तर पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याजवळ जावं लागतं आणि तिथे ती सापडण्याचा धोका वाढतो. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र असेल तर ती बंगालच्या उपसागरात राहूनच काम करते.

गणितवाला_यावल

'मोडून काढणं' किती अवघड आहे ते आकड्यांत मांडतो. सूत्र पाठ्यपुस्तकातलं आहे, आकडे समजुतीसाठी घेतलेले.

नेम मोजायला सीईपी हे माप वापरतात. त्या त्रिज्येच्या वर्तुळात निम्मे मारे पडतात, निम्मे बाहेर. ज्वारीच्या मचाणावरून गोफणीने शंभर दगड मारले आणि पन्नास दगड खुणेपासून ५ मीटरच्या आत पडले, तर गोफणीचा सीईपी ५ मीटर. उरलेले पन्नास कुठेही असू शकतात, हे विसरायचं नाही.

दुसरा आकडा: स्फोट किती जवळ झाला तर सायलो मोडेल ते अंतर. समजा ३०० मीटर.

सीईपी ३०० मीटर असेल तर एका वॉरहेडने (क्षेपणास्त्राच्या टोकावरचा बाँब) सायलो मोडण्याची शक्यता ५० टक्के.
सीईपी १५० वर आणला तर सुमारे ९४ टक्के.
सीईपी ६०० असेल तर जेमतेम १६ टक्के.

आता नेम तोच ठेवून नुसता बाँब मोठा करून बघा. मोडण्याचं अंतर स्फोटशक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. ते दुप्पट करायला स्फोटशक्ती आठपट करावी लागते. म्हणजे नेम दुप्पट सुधारणं आणि बाँब आठपट मोठा करणं, सायलोच्या बाबतीत दोन्हीचा परिणाम सारखाच. त्यामुळे एखादं अस्त्र 'फर्स्ट स्ट्राइकचं' आहे का हे ओळखायचं तर मेगाटन सोडून आधी सीईपी बघावा. अमेरिकेच्या पीसकीपर क्षेपणास्त्रावर एवढा वाद झाला तो याच कारणाने: १० वॉरहेड आणि सीईपी १०० मीटरच्या आसपास.

पांझराकाठ

९४ टक्के म्हणजे काम झालंच की सर. मग अवघड काय?

गणितवाला_यावल

यंत्र बिघडतं, ते धरलं नाही अजून. क्षेपणास्त्र उडून, टप्पे सुटून, वॉरहेड नीट फुटेपर्यंतचा सगळा भरवसा ८० टक्के धरा. ९४ चे ८० टक्के म्हणजे ७५. दर सायलोवर दोन वॉरहेड टाकले तर दोन्ही चुकण्याची शक्यता २५ टक्क्यांचे २५ टक्के, म्हणजे ६.२५. शंभर सायलोंवर २०० वॉरहेड टाकून सहा सायलो शाबूत. प्रत्येकात तीन वॉरहेडचं क्षेपणास्त्र असेल तर १८ वॉरहेड. अठरा शहरं. हे इतक्या चांगल्या नेमाने, आणि पाणबुड्या धरल्याच नाहीत.

अमळनेरी

अर्धवट ठेचलेला नाग. डूख धरून येणारच.

वरणगावकर

दोन वॉरहेड टाकण्यातही गोम आहे, गणितात ती येत नाही. पहिला स्फोट जमिनीलगत झाला की माती-दगडांचा प्रचंड खांब वर चढतो. मागून येणारा दुसरा वॉरहेड सेकंदाला काही किलोमीटर वेगाने त्या धुळीत शिरला तर त्याचं उष्णतारोधक टोक झिजतं, नेम ढळतो, किंवा तो फुटायच्या आधीच खराब होतो. शिवाय स्फोटाचा दाब आणि किरणोत्सर्गही आहेच. याला 'फ्रॅट्रिसाइड' म्हणतात, आपल्याच भावंडाने आपल्याला मारणं. टाळायचं तर दुसरा वॉरहेड अगदी काही सेकंदांच्या मापाने आणावा लागतो, नाहीतर धूळ बसेपर्यंत थांबावं लागतं. थांबलात तर तेवढ्यात उरलेल्या सायलोंतून क्षेपणास्त्रं निघून जातात.

वेळेचा दुसरा पेच याहून मोठा. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला पोचायला सुमारे ३० मिनिटं. किनाऱ्याजवळच्या पाणबुडीतून सोडलेल्याला १०-१५ मिनिटं. समजा दोन्ही एकाच वेळी सोडली. पाणबुडीवाली आधी पडतात, बाँबर तळ उद्ध्वस्त होतात, पण सायलोंवरचा मारा यायला अजून पंधरा-वीस मिनिटं असतात आणि आता शंका उरलेली नसते. दोन्ही एकाच क्षणी पडावीत असं ठरवलं तर लांबची आधी सोडावी लागतात, उपग्रहांना त्यांच्या ज्वाळा दिसतात आणि बाँबर उडून जातात. म्हणून जमीन, आकाश, पाणी अशा तीन ठिकाणी अस्त्रं वाटून ठेवायची. एकाला मारताना दुसऱ्याला सावध केल्याशिवाय मारताच येत नाही.

गिरणामाय

वरणगावकर, तुमच्याच गावावरून एक शंका. वरणगाव आणि भुसावळला आयुध निर्माणी, भुसावळचं रेल्वे जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र. असल्या जागा फर्स्ट स्ट्राइकच्या यादीत धरतात का? गावात लोक विचारतात.

वरणगावकर

शब्दाच्या काटेकोर अर्थाने नाही. दारूगोळ्याचा कारखाना उद्ध्वस्त केला म्हणून उलटा अणुप्रहार थांबत नाही, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात त्यावर वॉरहेड खर्च करण्यात अर्थ नसतो. अशा जागा 'युद्धाला आधार देणारे उद्योग आणि दळणवळण' या गटात येतात. ढोबळ वाटणी अशी: शत्रूच्या सैन्याच्या, त्यातही अण्वस्त्रांच्या जागांवर मारा म्हणजे काउंटरफोर्स, शहरं, उद्योग, माणसं यांवर मारा म्हणजे काउंटरव्हॅल्यू. फर्स्ट स्ट्राइक स्वभावाने काउंटरफोर्स असतो. उलटा प्रहार बहुतेक वेळा काउंटरव्हॅल्यूची धमकी असते, कारण उरलेल्या थोड्या अस्त्रांनी रिकाम्या सायलोंवर मारून काय साधणार?

गावातल्यांना हेही सांगा की असा फरक कागदावर असतो. जमिनीलगतच्या स्फोटाची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते. तळ मारला आणि गाव वाचलं असं होत नाही.

चोपडा_रोड

सायलोंचं सगळं ठीक, पण आता बरीच क्षेपणास्त्रं ट्रकवर असतात. सायलोचा पत्ता ठरलेला, ट्रकचा नाही. याचं गणित कुणी मांडेल का? यावलकर सर?

गणितवाला_यावल

मांडतो. ट्रक सायलोइतका टणक नसतो, लांबच्या स्फोटानेही उलटतो. समजा ५ किलोमीटरच्या आत सापडला तर निकामी. एका वॉरहेडने झाकलेलं क्षेत्र झालं सुमारे ७८.५ चौरस किलोमीटर.

जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर. ट्रक जिल्ह्यात कुठेतरी आहे एवढंच कळलं असेल तर अख्खा जिल्हा झाकायला सुमारे १५० वॉरहेड लागतील. वर्तुळं एकमेकांवर चढवावी लागतात, म्हणजे खरं तर जास्तच. एका ट्रकसाठी.

आता समजा उपग्रहाला ट्रक जळगावच्या बाहेर महामार्गावर दिसला आणि त्याच क्षणी क्षेपणास्त्र सुटलं. पोचायला ३० मिनिटं. ट्रक ताशी ४० च्या वेगाने २० किलोमीटर गेलेला असेल, भुसावळच्या थोडा अलीकडे. पण तो भुसावळकडे गेला, एरंडोलकडे, की पाचोऱ्याकडे? २० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ १२५७ चौरस किलोमीटरचं. सोळा वॉरहेड. जड ट्रक शेतातून जाऊ शकत नाही, रस्ते आणि पूल मोजकेच असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी होईल. आणि मारा १० मिनिटांत पोचला तर ट्रक सातच किलोमीटर गेलेला असतो, दोन-तीन वॉरहेडमध्ये काम भागेल. इथे नेमापेक्षा नजर महत्त्वाची: सतत पाहणारे उपग्रह, ड्रोन, आणि बातमी कळल्यापासून स्फोटापर्यंतची मिनिटं.

चोपडा_रोड

बठ्ठं समजनं सर. जिल्ह्याचं उदाहरण पोरांना लगेच पटेल.

शहादेकर

माझा आक्षेप आहे, आणि तो नानांच्या पहिल्याच उत्तरावर. तुम्ही म्हणता फर्स्ट यूज वेगळा, फर्स्ट स्ट्राइक वेगळा. मग भारत सरकारचं ४ जानेवारी २००३ चं निवेदन बघा. 'नो फर्स्ट यूज' सांगितल्यानंतर पुढच्याच मुद्द्यात म्हटलंय की फर्स्ट स्ट्राइकला दिलेलं अणुप्रत्युत्तर प्रचंड असेल आणि असह्य हानी करण्याच्या हेतूने दिलं जाईल. शब्द 'फर्स्ट स्ट्राइक'च आहे. तिथे तुमचा अर्थ लावला, तर आपली सगळी अण्वस्त्रं मोडायला निघालेल्या हल्ल्यालाच प्रचंड उत्तर, आणि सैन्यावर पडलेल्या एका लहान बाँबला नाही, असं होईल. सरकारला तसं म्हणायचं नव्हतं, हे उघड आहे. म्हणजे सरकारी भाषेत तरी पांझराकाठ भाऊंचाच अर्थ चालतो.

तापीकर_नाना

आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य करायला हवा. त्या निवेदनात 'फर्स्ट स्ट्राइक' हा 'आधी झालेला कोणताही अणुहल्ला' याच सैल अर्थाने आलाय. वरच्याच मुद्द्यात 'भारतीय भूमीवर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर झालेला अणुहल्ला' म्हटलंय, त्याला जोडूनच तो वाचायचा.

पण यातूनच नेमक्या शब्दाची गरज दिसते. पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये नस्र क्षेपणास्त्राची चाचणी केली, पल्ला ६० किलोमीटर. जळगावहून सोडलं तर पारोळ्याच्या थोडं पुढे पडेल, एवढाच. आत घुसणाऱ्या भारतीय तुकड्यांवर टाकायचं लहान अण्वस्त्र. त्याने दिल्लीची उत्तर देण्याची ताकद रतीभरही कमी होत नाही. म्हणजे फर्स्ट यूज नक्की, काटेकोर अर्थाने फर्स्ट स्ट्राइक नाही. आपलं धोरण सांगतं की त्यालाही प्रचंडच उत्तर. आता वाद असा की एवढ्याशा वाराला एवढं मोठं उत्तर खरंच दिलं जाईल, यावर समोरचा विश्वास ठेवील का? दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा वाद मांडताच येत नाही.

सावदेकर_ताई

त्याच निवेदनातली आणखी एक ओळ तक्त्यात घ्या: भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर जैविक वा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय भारत राखून ठेवील. म्हणजे आपलं 'प्रथम वापर नाही' बिनशर्त नाही. १९९९ च्या अणुधोरणाच्या मसुद्यात ही ओळ नव्हती. चीनने मात्र १६ ऑक्टोबर १९६४ च्या पहिल्या चाचणीच्या दिवशीच कोणत्याही वेळी, कोणत्याही परिस्थितीत आधी वापरणार नाही असं जाहीर केलं. सोव्हिएत संघाने १९८२ मध्ये असं वचन दिलं, रशियाने १९९३ मध्ये ते सोडून दिलं. अमेरिका आणि पाकिस्तान यांनी असं वचन दिलेलं नाही.

गिरणामाय

मग शेजाऱ्याने वचनावर भरवसा का ठेवावा? वचन शब्दांचं असतं, एका बैठकीत बदलतं.

तापीकर_नाना

ठेवत नाहीच कुणी नुसत्या शब्दांवर. म्हणून 'फर्स्ट स्ट्राइक क्षमता' हा वेगळा शब्द आहे. हेतू काहीही असो, यंत्रसामग्री काय करू शकते ते बघतात. अचूक नेम, एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड, ट्रक शोधणारी नजर, पाणबुडी शोधणारी यंत्रणा आणि पहिल्या घावातून वाचलेली थोडी क्षेपणास्त्रं अडवणारी ढाल. ही पाच एकत्र आली की शेजारी झोपत नाही. ढालीचा भाग पुष्कळांना उलटा वाटतो. शेकडो क्षेपणास्त्रांचा मारा ढाल थोपवू शकत नाही, पण पहिल्या घावानंतर उरलेले अठरा वॉरहेड कदाचित थोपवील. म्हणून १९७२ च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने आपापल्या ढालीच मर्यादित केल्या. अमेरिका २००२ मध्ये त्यातून बाहेर पडली.

गणितवाला_यावल

अनेक वॉरहेडचं गणितही नानांच्या बाजूचं आहे. दोघांकडे शंभर-शंभर सायलो, प्रत्येकी एक वॉरहेड. दर सायलोला दोन लागतात, म्हणजे २०० हवेत आणि आहेत १००. आधी मारणारा तोट्यात. आता प्रत्येक क्षेपणास्त्रावर दहा वॉरहेड ठेवा. वीस क्षेपणास्त्रं खर्चून समोरची ९४ जातात, माझी ८० उरतात. आधी मारणारा फायद्यात! आणि हे दोघांनाही कळतं, म्हणून तणावात दोघांचाही हात बटणाकडे जातो. सायलोतल्या अनेक-वॉरहेड क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा करार १९९३ मध्ये अमेरिका-रशियाने केला होता, पण तो अमलात आलाच नाही. भारताने ११ मार्च २०२४ ला अग्नी-५ ची अनेक वॉरहेडची चाचणी केली.

अमळनेरी

अग्नी-५ ची ती चाचणी म्हणजे आपण फर्स्ट स्ट्राइककडे निघालो असं म्हणायचं का?

गणितवाला_यावल

नुसत्या चाचणीवरून तसं म्हणता येत नाही. समोर ढाल असेल तर उलट्या प्रहारासाठीही अनेक वॉरहेड लागतात. तेच यंत्र दोन्ही कामांना चालतं. वॉरहेड किती, नेम किती, सायलोत की ट्रकवर, हे सगळं मिळूनच सांगता येईल.

वरणगावकर

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत पूर्वसूचना केंद्र, स्टानिस्लाव पेत्रोव ड्युटीवर. उपग्रहाने दाखवलं की अमेरिकेतून क्षेपणास्त्रं सुटली. आधी एक, मग एकूण पाच. वर कळवून उलट मारा सुरू करायची वेळ. पेत्रोव यांनी ती खोटी सूचना ठरवली. ढगांच्या माथ्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने ज्वाळा म्हणून वाचला होता, हे नंतर कळलं. त्यांच्या निर्णयामागे एक कारण हे होतं: युद्ध सुरू करणारा पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करत नाही.

इथे शब्दाचा अर्थच उपयोगी पडला. फर्स्ट स्ट्राइक म्हणजे 'पहिलं क्षेपणास्त्र' एवढाच अर्थ त्यांच्या डोक्यात असता तर एक क्षेपणास्त्रही पुरेसं होतं. फर्स्ट स्ट्राइक म्हणजे सगळं मोडून काढणारा घाव हे ठाऊक असल्यामुळे पाच हा आकडा त्यांना खोटा वाटला. पांझराकाठ, पोरांना हे उदाहरण नक्की सांगा.

पांझराकाठ

हे वाचून थांबलोच काही वेळ. माझं पहिलं मत मागे घेतो. पण मग 'सूचना मिळताच मारा' याला काय म्हणायचं? वॉरहेड अजून पडलेलाच नाही, तरी आपण सोडलं. तो आपला पहिला प्रहार की उलटा?

वरणगावकर

सूचना खरी असेल तर उलटा, खोटी असेल तर चुकून झालेला पहिला. म्हणून ही पद्धत घातक. १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीतली अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रं सोव्हिएत संघाला एवढी बोचली तीही वेळेमुळेच. पल्ला १८०० किलोमीटर, पोचायला मोजकी मिनिटं, विचाराला वेळच नाही. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारात ती मोडीत निघाली. भारत-पाकिस्तानात अंतरच इतकं कमी की उड्डाणवेळ सगळीकडेच मोजक्या मिनिटांची. भारताची भूमिका मार सोसून मग उत्तर देण्याची आहे. सूचनेवर बटण दाबायची गरज पडू नये यासाठीच पाणबुड्या.

सावदेकर_ताई

अजून एक जोडी तक्त्यात घाला. हल्ला अगदी तोंडावर आहे अशा खात्रीने आधी मारणं म्हणजे प्रीएम्प्टिव्ह. पुढे कधीतरी धोका होईल म्हणून आजच मारणं म्हणजे प्रिव्हेंटिव्ह. ७ जून १९८१ ला इस्राएलने इराकची ओसिराक अणुभट्टी विमानांनी उडवली, ती दुसऱ्या प्रकारात. फर्स्ट स्ट्राइक या दोन्हींपैकी कोणत्याही कारणाने होऊ शकतो. ते कारण सांगणारे शब्द, फर्स्ट स्ट्राइक परिणाम सांगणारा.

पांझराकाठ

मराठी शब्दाकडे येतो. 'प्रथम वापर' फर्स्ट यूजला पक्का. फर्स्ट स्ट्राइकला 'प्रथम प्रहार', सेकंड स्ट्राइकला 'प्रतिप्रहार'?

अमळनेरी

'प्रथम प्रहार'मध्ये पुन्हा क्रमच दिसतो. 'मोडता घाव' म्हणा. शेतकऱ्यालाही कळेल.

तापीकर_नाना

'मोडता घाव' समजावताना वापरा, फार छान आहे. परीक्षेच्या उत्तरात 'प्रथम प्रहार' लिहून लगेच पुढे अर्थ द्यावा, कारण प्रश्नपत्रिकेत तोच शब्द येण्याची शक्यता जास्त.

पांझराकाठ

तक्त्यातली नोंद अशी केली:

'प्रथम वापर: संघर्षात अण्वस्त्र आधी वापरणे, मग ते कितीही लहान असो. प्रथम प्रहार: शत्रूची अण्वस्त्रे व आदेशयंत्रणा एका घावात मोडून त्याचा प्रतिप्रहार थांबवण्याचा किंवा सोसण्याजोगा करण्याचा हल्ला. भारताचे धोरण: प्रथम वापर नाही, भारतावर अणुहल्ला झाल्यास प्रचंड प्रत्युत्तर.'

शहादेकर

शेवटच्या वाक्यात 'भारतावर' अपुरं आहे. 'भारतीय भूमीवर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर' असं पूर्ण लिहा. नस्रचा सगळा प्रश्न त्या दुसऱ्या अर्ध्यातच आहे. आणि ताईंनी सांगितलेला जैविक-रासायनिक अपवाद नोंदीखाली वेगळ्या ओळीत टाका.

पांझराकाठ

दोन्ही केलं. पेत्रोव यांचे पाच आणि जळगाव जिल्ह्याचे दीडशे, हे दोन आकडे समासात मोठ्या अक्षरांत लिहिलेत.